बारमाही

विम्याचा माणूस रुईच्या गठाणींच्या थप्पीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आग लागली तर इथं सगळ्यात आधी काय करता?"

सुगनसेठनं मुनीमजीकडे पाहिलं. मुनीमजीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे कोणी नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "पळतो जी."

विम्याच्या माणसानं ते लिहून घेतलं.

मग तो लाल बादल्यांकडे गेला. चार बादल्या होत्या. एकीत वाळू होती, दोन रिकाम्या होत्या, चौथीत तंबाखूच्या खर्र्याच्या पन्न्या होत्या. त्यानं चारही बादल्या वाकून पाहिल्या आणि परत लिहिलं. जाताना सेठला सांगून गेला, की फायरचं सर्टिफिकेट असलेला माणूस मिलमध्ये कायमचा ठेवा, नाहीतर पुढच्या सालापासून रुईचा विमा होणार नाही.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आर्वीच्या रस्त्यावर सुगनसेठची जिनिंग मिल होती, तिथं मी वजनकाट्यावर होतो. गाडी काट्यावर आली की आकडा मोठ्यानं सांगायचा, एवढंच काम. माझी बायको पंचफुला त्याच मिलमध्ये बायांच्या ओळीत कापूस साफ करायची. पालापाचोळा, कवडी म्हणजे किडका कापूस, काडी वेचून काढायची. दोघंही हंगामी. दिवाळीनंतर मिल सुरू व्हायची, चैत्रात बंद व्हायची. मग आम्ही घरी. मिळेल ते काम करायचं, नाही मिळालं तर दिवाळीची वाट पाहायची. बारमाही असे मिलमध्ये चारच जण होते. मुनीमजी, गठाणी दाबायच्या प्रेसचा मिस्त्री, चौकीदार आणि सेठचा कुत्रा.

विम्याचा माणूस गेल्यावर सेठनं विचारलं, "कोर्सला दहावी पास लागतो. आपल्याकडं दहावी पास कोण कोण आहे?"

मुनीमजी म्हणाले, "मी आहे. पण मले दमा आहे सेठजी. अन् हा शालिक आहे."

सेठनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती टक्के रे?"

"अडतीस."

"आगीला तेवढे पुरे," सेठ म्हणाला. "हे पाह्य, नागपूरला कोर्स आहे. चार महिने, आठवड्यातून तीन दिवस. फी अठ्ठावीस हजार. ती तुझी तू भरायची. जाशील तितक्या दिवसांची हजेरी मिळणार नाही. पास होऊन कागद आणलास तर बारमाही करतो. नापास झालास तर काटा आहेच. सोमवारपर्यंत सांग. नाहीतर मी नागपूरहून माणूस आणतो."

तो गुरुवार होता.

घरी आलो तेव्हा पंचफुला भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकर उलटली.

"बारमाही म्हणजे जेठ-आषाढातबी?"

"हाव."

"तवा मिलमधी काय असते?"

"गठाणी असते. भाव येईस्तोवर सेठ विकत नाही. त्या राखा लागते."

"नुसत्या राखाच्या?"

"हाव."

"अन् पगार?"

"दर महिन्याले."

आमच्याजवळ एकोणतीस हजार होते. ते म्हशीसाठी होते. म्हैसही ठरली होती, खरांगण्याच्या एका माणसाची, दुसऱ्या वेताची. पंचफुला दोनदा जाऊन तिचे दात पाहून आली होती. एकदा तर तिला पेंड खाऊ घालून आली होती, अजून आमची झाली नव्हती तरी.

जेवताना ती म्हणाली, "म्हैस दूध देते."

"हाव."

"पण खाते."

"हाव."

"कागद खात नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण कागदाले दात पाहाची सोय नाही. म्हैस कशी आहे ते दातावरून समजते. हा कागद कसा आहे ते कायवरून समजावं?"

मी म्हणालो, "सेठ म्हणून राह्यला ना."

"सेठनं म्हैस तरी घेतली का कधी?" ती म्हणाली. "पोरगी द्याची म्हटलं तर आपण दोन घरी चौकशी करतो. हे तर अठ्ठावीस हजार आहे. ज्याच्याजवळ हा कागद आहे, त्याच्याच दारी जाऊन विचारू."

असा एक माणूस आमच्या नात्यात होता. पंचफुलाच्या मावसबहिणीचा जावई, मनोहर. हिंगणघाटच्या बाजूला एका मोठ्या जिनिंगमध्ये फायरमन होता. म्हणजे पंचफुला त्याची मावससासू. आमच्याकडे सासू जावयाशी चारचौघांत तोंड उघडून बोलत नाही. काही सांगायचंच झालं तर दुसऱ्याच्या तोंडून सांगते. आणि जावयाचं चुकलं असं तर बोलूच नये. पंचफुला हे सगळं कडक पाळायची. घरात मला ती काहीही बोलायची, तो भाग वेगळा.

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही गेलो. मनोहर मिलच्या फाटकाशीच भेटला. खाकी शर्ट, पायात बूट, गळ्यात शिट्टी. पाठीवर इंग्रजीत फायर लिहिलेलं. त्यानं वाकून नमस्कार केला. पंचफुलानं पदर पुढे ओढला आणि माझ्या मागे जाऊन उभी राहिली.

मी विचारलं, "जावईबापू, हा कागद कसा आहे?"

"खरं सांगू का काकाजी?" मनोहर म्हणाला. "आग नाही लागली तर मालक म्हणते, तुले पगार कायचा देतो? अन् लागली तर म्हणते, तुले पगार कायचा देत होतो?"

मागून पंचफुला हळूच म्हणाली, "इचारा, पण पगार देते का?"

"पगार देते का?" मी विचारलं.

"देते. सात तारखेले."

"इचारा, पावसाळ्यातबी सात तारखेलेच?"

"पावसाळ्यातबी?"

"पावसाळ्यातबी."

"इचारा, कागद किती वर्सं चालते?"

मनोहर हसला. त्याला सगळं ऐकू येत होतं. पण तोही मी विचारेपर्यंत थांबायचा. रीत त्यालाही माहीत होती. "मावशीले म्हणा, माणूस चालते तोवर कागद चालते."

त्यानं आम्हाला मिल दाखवली. लाल नळकांडी दाखवली, कोणतं कशासाठी ते सांगितलं. पाण्याची टाकी, पाइप, वाळू. वाळूत खर्र्याची पन्नी एकही नव्हती. मला ते सगळं पसंत पडलं. मग आम्ही गठाणींच्या आवारात गेलो. ताडपत्र्यांखाली मोठमोठ्या थप्प्या होत्या. रविवार असला तरी प्रेस चालू होती आणि दहा-बारा हमाल काम करत होते.

तिथं पंचफुलानं मागून माझा शर्ट ओढला.

"काहीतरी करपून राह्यलं."

"काय?"

"कापूस. त्या तिसऱ्या थप्पीत."

मी नाक वर केलं. त्याचा काही उपयोग नव्हता. मला वास येत नाही. जन्मापासूनच येत नाही. घरी दूध उतू गेलं तर दिसतं तेव्हा मला कळतं, करपलं तर ती सांगते तेव्हा. पण कापसाच्या बाबतीत पंचफुलाचं म्हणणं मी कधी खोटं ठरलेलं पाहिलं नव्हतं. वीस वर्षं ती कापसात बसलेली. ओला कापूस, जुना कापूस, औषध मारलेला कापूस, ती पाटी खाली ठेवायच्या आधी सांगायची.

"सांगा ना यायले," ती म्हणाली.

मी म्हणालो, "जावईबापू, त्या तिसऱ्या थप्पीत कापूस करपून राह्यला."

मनोहरनं पाहिलं. "धूर कुठं आहे काकाजी?"

"म्हणा, धूर दिसला म्हणजे उशीर झाला."

"धूर दिसला म्हणजे उशीर झाला," मी म्हणालो.

जवळचे दोन हमाल थांबले. मनोहरच्या चेहऱ्यावर दिसत होतं, की नात्यातला माणूस आहे, काय बोलावं. तो म्हणाला, "बरं, पाहू."

आम्ही थप्पीच्या कडेनं चालू लागलो. मी पुढे, पंचफुला दोन पावलं मागे, डोक्यावर पदर, मान खाली. हमाल आणखी जमले. ती पुटपुटायची आणि मी मोठ्यानं बोलायचो. काट्यावर आकडा सांगायची सवय होतीच.

"अजून पुढं."

"अजून पुढं!"

"थांबा. हेच. खालून दुसरी."

"हेच! खालून दुसरी!"

वरच्या गठाणी उतरवल्या. लोखंडी आकडे लावून चौघांनी खालून दुसरी ओढली. मनोहरनं तिच्या एका अंगाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग पहिल्यांदा त्याचा रंग उतरला. जिनमध्ये कधी कापसाबरोबर खडा जातो, ठिणगी उडते, ती रुईत बसते आणि रुईबरोबर प्रेसमध्ये दाबली जाते. गठाण बाहेरून पांढरीशुभ्र दिसते. आत आग चार-चार दिवस मुरत राहते.

मनोहरनं गठाणीभोवतीची पट्टी तोडायची कातर मागवली आणि तिथंच, थप्पीच्या पायाशी, गठाण उघडायला बसला.

पंचफुलानं माझ्या पाठीत बोट खुपसलं. "इथं नाही! हवा लागली का भडका होईन. सगळी थप्पी जाईन. आधी दूर न्या म्हणा!"

"जावईबापू, इथं नका तोडू. आधी दूर न्या!"

"काकाजी, मले शिकवलं आहे," मनोहर म्हणाला. "आग सापडली का आधी उघडाची अन् पाणी माराचं." त्यानं कातर पट्टीला लावली.

हमाल माझ्याकडे पाहत होते. पंचफुला माझ्या मागे होती. तिला दिसत होतं, की जावयाचं चुकतं आहे, आणि तिला ते बोलायची सोय नव्हती. तिनं माझा दंड इतका जोरात धरला, की चार दिवस वळ होता.

मी ओरडलो, "मनोहर! कातर ठेव खाली!"

जावयाला अरेतुरे मी आयुष्यात एकदाच केलं, ते तेव्हा. त्यानं कातर खाली ठेवली. हमालांनी गठाण लोटत-ओढत टाकीजवळच्या मोकळ्या जागेत नेली. पाइप जोडला. मग मनोहरनं लांबून पट्टी तोडली. गठाण फसकन उघडली. आत घमेल्याएवढं काळं भोक होतं, कडेला लाल. एक श्वास घ्यावा इतका वेळ ते तसंच राहिलं आणि मग पुरुषभर उंच जाळ उठला.

विझायला अर्धा तास लागला. थप्पीत नऊशे गठाणी होत्या.

सगळे हमाल माझ्याभोवती उभे राहिले. एक म्हातारा हमाल जवळ आला आणि बराच वेळ माझ्या नाकाकडे पाहत राहिला. "चाळीस वर्सं झाली," तो म्हणाला, "पण असं नाक पाह्यलं नाही."

मी काहीतरी बोलणार होतो. पण मनोहर मला बाजूला घेऊन गेला. "काकाजी, मालकाले सांगू नका. मी तिथंच तोडली असती."

मागून आवाज आला, "नाही सांगत म्हणा. अन् म्हणा, घाबरू नका, पाणी प्या."

"नाही सांगत," मी म्हणालो. "पाणी प्या."

परतीच्या गाडीत पंचफुला खिडकीशी बसली. मग म्हणाली, "जावयाजवळ कागद आहे. पण आग त्यायले समजली नाही."

"मंग नको घ्यायले कागद," मी म्हणालो. "म्हैसच घेऊ."

"आग मले समजली."

"हाव."

"मले कोण ठेवते?"

ती सातवी शिकलेली. कोर्सला दहावी लागायची. मी ते बोललो नाही, तिला माहीतच होतं. ती परत बाहेर पाहू लागली. माझ्या मनातून म्हैसच होती. म्हशीला वास घ्यावा लागत नाही, निदान आपल्याला तरी घ्यावा लागत नाही.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं सेठच्या गादीवर गेलो. पैसा दोघांचा होता म्हणून उत्तर द्यायला ती बरोबर आली. काय उत्तर द्यायचं ते मात्र ठरलं नव्हतं. ती वाटेत एवढंच म्हणाली होती, "सेठ काय म्हणते ते पाहू." सेठ हिशेब सोडून आमचीच वाट पाहत असल्यासारखा बसला होता. मुनीमजीही होते.

"ये रे शालिक, ये," सेठ म्हणाला. ये रे असं तो मला पहिल्यांदाच म्हणाला. "काल हिंगणघाटकडं होतास म्हणे?"

आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. पण हमालांना कोण अडवणार? पहाटे सरकी न्यायला आलेल्या ट्रकवाल्यानं सगळं सांगून टाकलं होतं.

"होतो जी."

"अन् नुसत्या वासानं नऊशेतून एक गठाण काढलीस?"

मी तोंड उघडलं. मी खरं सांगणार होतो. हे मी आज सांगतो म्हणून नाही, मी तेव्हा खरंच सांगणार होतो. "सेठजी, ते असं झालं का—"

"हाव जी, यायनंच काढली," पंचफुला म्हणाली.

सेठसमोर ती कधी बोलायची नाही. मुनीमजीनं चष्मा वर केला.

"लहानपणापासूनच नाक तेज आहे यायचं," ती म्हणाली. "घरी मले भाजी करपू देत नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती.

सेठ मुनीमजीला म्हणाला, "पाहा, माणूस आपल्या काट्यावर बसला होता अन् आपल्याला माहीत नाही." मग मला म्हणाला, "पास-नापास राहू दे. आजपासून तू बारमाही. कोर्सला जाशील त्या दिवसांचीही हजेरी धरू." थोडा थांबला. "फी मात्र तुझीच."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काऊन खोटं बोलली?"

"मी काढली म्हणून सांगतलं असतं, तर सेठनं काय देलं असतं?"

"काय?"

"शाबासकी. अन् एक लुगडं. अन् म्हणाला असता, काम झाल्यावर जाता जाता थप्प्याईजवळून जात जा, बाई. त्याच मजुरीत." तिनं पदर खोचला. "तुम्ही काढली तर बारा महिने. तुम्हीच सांगा, कोणतं महाग पडते?"

"अन् पुढं? मले तर वास येत नाही."

"मी मेली का?" ती म्हणाली आणि बायांच्या ओळीत जाऊन बसली. अर्धा तास उशीर झाला होता. त्या दिवशीची तिची अर्धी मजुरी कापली.

मी कोर्स केला. लाकडाची आग, तेलाची आग, विजेची आग, सगळं पाठ केलं. एकाहत्तर टक्के पडले. दहावीपेक्षा जास्त. सेठनं सर्टिफिकेट काचेत बसवून गादीमागे लावलं. त्यावर माझा फोटो होता, त्यात मी घाबरलेला दिसायचो.

पुढे सतरा वर्षं हा क्रम चालला. संध्याकाळी ओळ सुटली, की पंचफुला माझ्याबरोबर थप्प्यांमधून एक फेरी मारायची. मी पुढे, ती दोन पावलं मागे. मिल बंद असली तर घरून डबा घेऊन यायची, पावसात पोतं डोक्यावर घेऊन यायची. लोक म्हणायचे, नवऱ्यावर जीव पाहा कसा आहे. सतरा वर्षांत अकरा गठाणी सापडल्या. आमच्या मिलमध्ये सात आणि दुसऱ्यांच्या मिलमध्ये चार. दुसरे मालक मला गाडी पाठवून बोलवायचे. मी म्हणायचो, बायकोला बरोबर घेतल्याशिवाय मी जेवत नाही, मग तिलाही गाडीत घ्यायचे. एका मालकानं मला विचारलं, नाक असं राहावं म्हणून काय खाता? मला काही सुचलं नाही, मी म्हणालो कच्चा कांदा. त्यांच्या मिलचे चौकीदार मग बरेच दिवस कच्चा कांदा खात होते.

घरी ती मला नाकवाले म्हणायची. "नाकवाले, या जेवायले." "नाकवाले, चुलीवर काय करपलं ते सांगा पाहू." याच्यापलीकडे तिनं तो विषय कधी काढला नाही. मी एकदा सेठजवळ गोष्ट काढून पाहिली, की पंचफुलालाही बारमाही करा. सेठ म्हणाला, "सफाईच्या बाईला बारमाही कशी करू? पावसाळ्यात ती काय साफ करेल?" ते बरोबर होतं. मी परत विचारलं नाही.

गेल्या साली पौषात तिला खोकला धरला. खोकला त्या ओळीतल्या सगळ्याच बायांना असतो, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मग धाप लागायला लागली. सरकारी दवाखान्यात नऊ दिवस होती. नळी लावली होती त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. मी मिलमधून थेट जायचो. माझ्या कपड्यांना रुई लागलेली असायची. ती मला जवळ बोलवायची, शर्ट हुंगायची आणि मान हलवायची, म्हणजे आज काही नाही. दहाव्या दिवशी सकाळी ती गेली.

तेरवी झाली. चौदाव्या दिवशी मी कामावर गेलो. संध्याकाळी ओळ सुटली, बाया फाटकातून गेल्या, आणि मी थप्प्यांमधून फेरी मारायला निघालो. हंगाम भरात होता. बाराशे गठाणी असतील. मी पहिल्या थप्पीशी थांबलो, दुसऱ्या थप्पीशी थांबलो. जोरानं श्वास घेतला. बाराशे गठाणींतून मला काहीही आलं नाही. त्यांच्यात आग असेल किंवा नसेल.

मी तसाच गादीवर गेलो. सेठ आता म्हातारा झाला होता. मुनीमजी तेच होते, दम्यासकट.

मी म्हणालो, "सेठजी, मले वास येत नाही."

"सर्दी आहे का?"

"नाही जी. कधीच येत नव्हता. गठाणी पंचफुला काढे. अकराही तिनंच काढल्या. ती सांगे अन् मी बोलो. हिंगणघाटचीबी तिचीच. तुम्ही दुसरा माणूस पाहा, नाहीतर एक दिवस सगळं जळून जाईन."

सेठनं पाणी मागवलं आणि स्वतःच्या हातानं मला पेला दिला.

"शालिक," तो म्हणाला, "माझी बायको गेली, तेव्हा मीही असंच बोलायचो. हा धंदा तिचाच, मला काही येत नव्हतं, सगळं तिच्यामुळं. लोकांनी ऐकून घेतलं. होतं असं."

"सेठजी, मी खरं सांगून राह्यलो."

"खरंच सांगतो आहेस. मला काय कळत नाही?" त्यानं मुनीमजीकडे पाहिलं. "याला पंधरा दिवस सुट्टी लिहा. पगारी."

"सेठजी, थप्प्या कोण पाहीन?"

"सतरा वर्षं तू पाहिल्यास. पंधरा दिवसांत काय होतं? घरी बस, आराम कर. पगार कापणार नाही. बारमाही माणसाला तेवढी सोय असते."

मुनीमजीनं सुट्टीचा कागद लिहिला आणि सहीसाठी माझ्यासमोर ठेवला. मग कपाट उघडून एक पाकीट आणि सहीसाठी त्याची पावती काढली. ते पंचफुलाच्या शेवटच्या मजुरीचं होतं. तिच्यामागे मीच होतो, म्हणून मीच घ्यायचं होतं. दवाखान्यातले नऊ दिवस कापलेले होते.

मुनीमजी म्हणाले, "नियम आहे गा, शालिक. हंगामी होती."

"हाव," मी म्हणालो, आणि दोन्ही कागदांवर सही केली.